अर्ध्या इंची लायनी

बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते.
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी,
पहाटे पावणेचारला माझगावच्या उतारावरून खाली.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची
आणि फेरे मोजायचे.
उमरखाडी एकवीस. चिंचबंदर साडेतेरा.
त्यामागच्या बोळाला नऊच, दहावा द्यायचा नाही,
दहाव्यानं तिथल्या जुन्या लायनी उलतात.
हे कुठे लिहिलेलं नव्हतं.
मोतीराम तांडेलांच्या मनगटात होतं.

मनगट अजून तसंच आहे.
आकडे गेले.

एका दिवसात नाही गेले.
आधी चाल आखूड झाली,
जणू घरभर कुणी ओली फरशी पुसून ठेवलीय.
मग सदरा. हात घालणं येतं, बटण लावणं येतं,
आधी काय नि मग काय, तेवढंच येत नाही.
मग एकदा जाहिरात बघून रडले. साबणाची.
आम्ही म्हटलं, वय झालं.
शेजारच्या लोबोबाई म्हणाल्या, विटामिन द्या.

परळला अर्धा तास यंत्रात घातलं.
डॉक्टर माझ्याहून लहान, पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
मोठ्या रक्तवाहिन्या ठीक आहेत.
पण हे बघा, खोल आत, केसासारख्या बारीक असतात त्या.
वीस वर्षं दाब सोसून त्यांच्या भिंती जाड झाल्या,
आतली वाट अरुंद.
पलीकडे रक्त कमी पडत गेलं, तिथे हे पांढरं.
(ओल आलेल्या भिंतीवर चुना फुगतो, तसं दिसत होतं.)
आणि हे काळे ठिपके, इथे थेंबथेंब झिरपलंय.
दोनतीन झटके येऊनही गेलेत, म्हणाली.
तुम्हाला कळले नाहीत. त्यांनाही नाही.

घरी येऊन मी कॅलेंडर उलटं चाळत बसले.
रेशनच्या दुकानात आडनाव आठवेना, तो एक?
मोरीतल्या नळाशी उभं राहून त्यांनी मला विचारलं,
हा कुठल्या बाजूला फिरतो गं, तो?
की काहीच झालं नाही अशा दिवसांतला कुठला?

बाबा तिथे पडद्याकडे बघत बसले होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"मेन चांगली आहे. अर्ध्या इंची लायनी गेल्या."
डॉक्टर हसली.
मला हसता आलं नाही.

गोळ्या होत्या घरात. स्टीलच्या डब्यात, सुयादोऱ्याशेजारी.
डोकं दुखलं की घेईन, म्हणायचे.
दुखायचं नाही. घ्यायचे नाहीत.
दाब दुखत नाही,
हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं?
ज्या माणसानं चाळीस वर्षं त्या बोळाला
दहावा फेरा दिला नाही,
तो ताटात सुका बोंबील, वर पापड, वर लोणचं घेऊन
स्वतःला रोज रात्री दहावा देत होता.
आणि वाढत होते मी.

रस्ता असता तर खणला असता.
रात्रीतून नवी लायन, सकाळी वर डांबर.
इथे खणता येत नाही.
जेवढ्या उरल्यात तेवढ्यांसाठी
दाब सांभाळायचा, एवढंच.

पावणेचारला ते अजूनही जागे होतात,
उजवा हात पांघरुणाबाहेर, हवेत फिरतो.
मोजत नाहीत. नुसता फिरतो.
मी दिवा लावते, दंडाला पट्टा गुंडाळते.
पट्टा आवळत जातो, थांबतो,
मग आतली हवा सुटते, सुऽऽ करत.
बाबा कान देतात.
"लायनीत हवा आहे," म्हणतात. "येईल आता पाणी."
एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव.
कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लिहिते.
"बादली लावलीस?"
लावली, म्हणते मी,
आणि उठून मोरीत जाऊन
खरंच लावते.